बाबांच्या कपातला हिरवा चहा

डोंबिवलीत कारखान्यांकडून वारा सुटला की आम्ही खिडक्या लावून घेतो. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून मी नोकरी सोडून घरी आहे, त्यामुळे खिडक्या लागल्या की आत बाबा, मी, टीव्ही आणि औषधांचा वास. बाबांना तो वास येत नाही. उभं आयुष्य रंगाच्या कंपनीत काढल्यामुळे त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलंय. फोडणी करपली तरी त्यांना पत्ता नसतो.

अशात माझ्या मैत्रिणीने ठाण्यात परदेशी चहाचं दुकान काढलं आणि शनिवार-रविवारी गिऱ्हाइकांना चहा करून चाखवायचं काम मला देऊ केलं. सरावासाठी जपानी हिरव्या चहाचं पाकीटही पाठवलं. मी हावरटासारखी हो म्हणाले. पगार किरकोळ होता, पण आठवड्यातून दोन दिवस मला दाराबाहेर पडायला मिळणार होतं.

हा चहा भारी नखरेल. याची पानं बनवतानाच नेहमीपेक्षा जास्त वेळ वाफवतात, म्हणून त्यांचा चुरा होतो आणि पाण्यात पडल्या पडल्या ती सगळा रंग सोडून देतात. उकळतं पाणी ओतलं तर कडू जहर. मी पाणी या कपातून त्या कपात ओतायची, लहान मुलाचं दूध निववतात तसं, आणि कपाला बोटं टेकवता आली की मग पानांवर सोडायची. थोडंसंच थांबून लगेच गाळायचं. साध्या गाळणीतून सगळा चुरा खाली उतरतो, म्हणून दाट जाळीची आणली. कपात उतरतो तो गढूळ, गर्द हिरवा. पहिल्या घोटाला मटार सोलताना येतो तसा वास आला, मग जिभेवर दाटपणा, आणि शेवटी साखर नसताना गोडवा. खिडक्या बंद असूनही मला घटकाभर मोकळं वाटलं.

बाबांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून तोच चहा मागायला लागले.

शनिवार-रविवारी त्यांच्याजवळ थांबायला मी एक मावशी ठरवल्या. माझं काम सुरू होण्याआधी घराची सवय व्हावी म्हणून त्या सोमवारपासूनच यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तो चहा आलं-साखर घालून खळखळा उकळला. वर मलाच म्हणाल्या, "अगं, उकळल्याशिवाय चहा म्हणायचं का त्याला?"

बाबांनी कप बाजूला सारला. "कडू आहे. मला हिच्या हातचाच पाहिजे."

बरोबरच होतं त्यांचं. मग मी मावशींना सगळं शिकवलं. त्यांनी केलेला चहा स्वतः चाखून पाहिला, अगदी माझ्यासारखा जमला होता. बाबा तरीही म्हणाले, "कडू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शुक्रवारी दुपारी चहा मीच केला आणि कप मावशींच्या हाती बाहेर पाठवला. ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते.

"कडू आहे," बाबा म्हणाले. "तिला म्हणावं, तू कर."

मावशी भरला कप घेऊन परत आल्या. माझ्याकडे बघत त्यांनी तो ओट्यावर ठेवला. तो चहा मोरीत ओतावा इतका राग आला मला. ओतला नाही. तोच कप घेऊन मी बाहेर गेले आणि बाबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो तळच्या गाळासकट संपवला.

"बघ, याला म्हणतात चहा." रिकामा कप मांडीवर ठेवून त्यांनी त्याच चालत्या हाताने माझ्या ओढणीचं टोक धरलं. "उद्या जाणारच आहेस का तू?"

ओढणी सहज सोडवून घेता आली असती, त्या हातात जोर असा कितीसा राहिलाय. मी "नाही" म्हणाले. ठाण्याला कळवायला हवं होतं, पण फोन पलीकडे टेबलावर होता आणि बाबा ओढणी सोडत नव्हते.