नरसिंगअप्पांचं रिंगण

सल्ला देणाऱ्या माणसाचा नरसिंगअप्पांना भयंकर तिटकारा. बीदरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात ते लेबर ऑफिसर म्हणून आले, तेव्हा फोरमन लोकांना पुढारपण शिकवा, असा त्यांना वरून हुकूम होता. आम्हाला वाटलं, आता फळा येणार, भाषणं झोडणार. अप्पांनी दर शनिवारी आम्हा पाच फोरमनना गोदामामागे रिकाम्या पोत्यांवर गोल बसवलं. एकानं आपली अडचण मांडायची, बाकीच्यांनी नुसते प्रश्न विचारायचे. ज्याच्या तोंडून सल्ला निघाला, त्याचं तोंड त्या दिवसापुरतं बंद. "शहाणपण शिकवू नगा. इचारा. त्याचं त्याला सापडंल," म्हणायचे आणि स्वतः तंबाखू मळत बसायचे.

मला हा पोरखेळ वाटायचा. माझं पुढारपण माझ्या हातात होतं. कामगार चुकला की कानाखाली आवाज. उसाचं गाळप माझ्या पाळीत कधी थांबलं नाही, म्हणून साहेबलोकही खूश. एकदा माणिक नावाच्या कामगारानं यंत्राला तेल द्यायला उशीर केला. मी हातातला पाना त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. ते तळहातावर घेऊन तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

त्या शनिवारी रिंगणात बॉयलरच्या रसूलभाईनं विचारलं, "गोविंदा, तू नसताना तुजी माणसं काम करतेत का?" मी भडकून उठून गेलो. अप्पा समजूत काढायला मागे येतील असं वाटलं होतं. ते आले नाहीत, याचा जास्त राग आला.

आठवड्यानं पाळी बदलताना माणिक लोखंडी गज उगारून माझ्यावर धावला. अप्पा मध्ये घुसले आणि गज त्यांच्या डोक्यात बसला. मी त्यांना मांडीवर घेतलं. माझा सदरा रक्तानं चिंब झाला. माणिक पळाला.

अप्पांना दवाखान्यात पोचवून आम्ही पाचही जण पाने, साखळ्या घेऊन माणिकच्या वस्तीकडे निघालो. मी सगळ्यांच्या पुढे. त्याला जिता सोडायचा नाही, हे ठरलंच होतं. कारखान्याच्या फाटकापाशी रसूलभाई एकदम रस्त्यातच खाली बसला. एक विचारायचं आहे, म्हणाला. मी त्याला आईवरून शिव्या घातल्या. बाकीचे तिघं घुटमळले आणि एकेक करून त्याच्याजवळ बसले. मला बसवेना.

"माणिक कुणाला मारायला आलता?" रसूलभाईनं विचारलं.

"मला."

"कामून?"

एकजण म्हणाला, आता ते कशाला उकरायलास. रसूलभाईनं त्याला हातानंच गप्प केलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"म्या त्याचे दात पाडले म्हणून," मी म्हणालो.

साखळी टाकली आणि त्यांच्यात बसून धाय मोकलून रडलो. कुणी समजूत काढली नाही, कुणी उठलंही नाही.

अप्पा तिसऱ्या दिवशी गेले. माझ्यापायी गेले, हे मी आजवर कुणाला गोड करून सांगितलेलं नाही. फौजदार जबाब घ्यायला आला. मारामारीत पहिला हात कुणी उचलला, त्यानं विचारलं. मी माझं नाव सांगितलं.