एलोदियाच्या तोंडची चिचा

बोबोनासा नदीकाठचं एलोदियाचं घर परवा शाकारायचं होतं. जुनं छप्पर उतरवून झालं होतं आणि गाव फुकट राबायला येणार होतं. फुकट म्हणजे चिचा, कसाव्याच्या कंदांची आंबवलेली दारू, पिऊन. चिचा फिकी निघाली, की माणसं सभ्यपणापुरती थांबतात आणि मग एकेकाला आपलं घर आठवतं.

एलोदियानं मडक्यावरचं पान पुन्हा उचललं. शिजलेला कसावा तिनं काल जन्मभराच्या सवयीनं चावून चावून मडक्यात थुंकला होता. लाळेनं तो गोड व्हायचा, मग फसफसायचा. आज ना गोडी, ना बुडबुडा. नुसता लगदा.

"आत्याबाई, मी चावू का?" सून नार्सिसानं विचारलं.

"एका मडक्यात दोन तोंडं? लोक काय म्हणतील?"

"काही नाही म्हणणार. पाणी पिऊन घरी जातील."

दवाखान्यातल्या नर्सनं मागेच सांगितलं होतं, "जिभेचा निरोप लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचतो, आजी. पण आतल्या पेशी म्हाताऱ्या झाल्या. निरोप आला की त्यांच्यात कॅल्शियम उसळायला हवं, ते उसळतच नाही धड."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," एलोदिया म्हणाली होती. "हाक ऐकतात, उठत नाहीत."

तिनं लिंबाची फोड चोखून पाहिली. पाणी आलं, ते डोळ्यांत. दुपार कलली तशी तिनं कसाव्याची परात सुनेपुढे सरकवली.

"बस. बारीक चाव. पोपटासारखं नको."

शाकारणीच्या सकाळी पहिला वाडगा तिनं चुलतदीर बार्तोलोला दिला. कुठल्या बाईची चिचा, हे तो एका घोटात ओळखायचा. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्यानं घोट घेतला. थांबला. आणखी एक घेतला. नार्सिसा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "तुझं तोंड तरुण झालं की गं!"

सगळे हसले. दोघंतिघं शिडीकडे वळलेही. छप्पर पदरात पडलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

"माझं नाही," एलोदिया म्हणाली. "हिचं."

हसू थांबलं. बार्तोलोनं वाडगा रिकामा केला. चिचा जिची, वाढायचा मान तिचा. वाडगा एलोदियाच्या हातावरून पुढे गेला आणि नार्सिसासमोर थांबला.

"सूनबाई, भर."

माणसं वर चढली. एलोदिया पानांच्या ढिगाशी बसून पानं निवडू लागली. थोड्या वेळानं नार्सिसानं तिच्यापुढेही वाडगा धरला.

"आधी पाहुण्यांना दे," एलोदिया म्हणाली, आणि तळ दिसेपर्यंत प्यायली.