डाव्या अंगाचा वानेरा

बैलाच्या पाठीवर जेवढे भाव उमटतात तेवढे माणसाच्या चेहऱ्यावरही उमटत नाहीत, असं ठामपणे मानणारा अख्ख्या उदगीर तालुक्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा. मामा शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून सागवानी फळ्यांवर बैल, म्हशी, खुरपणाऱ्या बाया कोरतात आणि शाई लावून कागदावर छापतात. कागद घासायला मामींची वरणाची पळी लागते. त्या दिवशी घरात वरण वाटीनं वाढतात. फोटोवरून कोरणं मामांना मंजूर नाही. गोठ्यात पोतं अंथरायचं आणि जनावरासमोर बसूनच कोरायचं. एकदा नांगऱ्या म्हणून मलाही उभं केलं होतं. पाऊण तासानं म्हणाले, "बसा जावईबापू. तुमची पाठ टेबलाची हाय." छाप्यात माझ्या जागी बाभूळ आली.

गेल्या साली शेतशेजारी अप्पांचा काळ्या तोंडाचा देवणी बैल, वानेरा, थकून वरचेवर खाली बसायला लागला. अप्पांनी जन्मात पहिल्यांदा मामांकडं काही मागितलं. "गुरुजी, जोडी हाय तवर छापून द्या." मामांनी घाईनं कोरलं. छापा उलटा पडतो म्हणून सही आठवणीनं उलटी कोरली. बैल मात्र समोर दिसले तसेच कोरले.

छापा निघाला तोवर वानेरा गेला होता. अप्पांनी कागद बराच वेळ हातात धरला.

"लई झ्याक हाय. पण वानेरा जन्मभर डाव्या अंगाला चालला, गुरुजी. ह्यो उजवीकडं हाय. असा त्यो पाऊल उचलायचा न्हाई."

"कोण एवढं बघतंय, अप्पा?" मी म्हणालो. दोघांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी चहाचं बघायला आत गेलो.

मामांनी नवी फळी घेतली. डोळ्यांत मोतीबिंदू, समोर वानेरा नाही. अप्पांच्या गोठ्यात वानेऱ्याच्या रिकाम्या दावणीपुढं पोतं अंथरून महिनाभर बसले. अप्पा शेजारी बसून वशिंडाचा कल सांगायचे. मामा एकदाच बोलले, "आता हात घसरला, तर त्यो दुसऱ्यांदा जाईल."

नव्या छाप्यातल्या काळ्या तोंडावरून अप्पांनी अंगठा फिरवला. शाई ओली होती. काळा झालेला अंगठा त्यांनी पुसला नाही.

"हाव," म्हणाले, "आता चालंल."

चुकलेला छापा मी मागून घेतला आणि लातूरला घरी आणला. बैठकीत लावलाय. पाहुणे वाहवा करतात. मला मात्र हल्ली तो वानेरा चालताना दिसतच नाही. मानेवर जू घेऊन, आपल्याला कुणीतरी आपल्या बाजूला नेईल म्हणून नुसता उभा असतो.