दयारामचा हिरवा डोळा

मलकापुरात भोंगा बांधावा तर दयारामनंच, असं सगळे म्हणत. स्टेशन रोडवरचं दुकान दोघांचं होतं, दयारामचं आणि शालिग्रामचं. शालिग्रामच्या वाट्याला बोलणं आलं होतं, दयारामच्या वाट्याला तारा. शालिग्राम गोड बोलून कामं आणायचा, दयाराम भोंगे चढवून अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसायचा. आवाज किंचित फाटला, तरी त्याचा हात आपोआप बटणावर जायचा. चौदा एप्रिलची जयंती तर त्याच्या घरचीच. सलग आठ वर्षं त्या मैदानावरचा प्रत्येक शब्द त्याच्या हाताखालून गेला होता, आणि अ‍ॅम्प्लिफायरजवळची ती लोखंडी खुर्ची त्याला कुठल्याही मानापेक्षा मोठी होती.

पण भोंग्याखाली उमर काढल्यावर कान काय सलामत राहतात? १९६८च्या दिवाळीत उजव्या कानानं साथ सोडली आणि डाव्यात नुसता घुमारा उरला. जवळ येऊन बोललेलं कळायचं. गर्दीत भोंग्यातून काय चाललंय आणि ते साफ येतंय की फाटून, हे मात्र काही केल्या कळेना. बहिऱ्या माइकवाल्याला कोण बोलावणार? बायकोखेरीज एकट्या शालिग्रामला दयारामनं हे सांगितलं.

"माह्या कानाचं कोणाले सांगू नको बे."

"मी काऊन सांगतो?" शालिग्रामनं त्याचा हात हातात घेतला. "भाऊ समजतो मी तुले."

कानानं कळत नाही, तर डोळ्यानं कळलं पाहिजे, असं दयारामनं मनाशी घेतलं. हिशेब साधा होता. माइकमधून आत जाणारा आवाज थोडासा घ्यायचा. भोंग्याकडे निघालेला आवाज तेवढाच बारीक करून, जुन्या ट्रान्सफॉर्मरची टोकं फिरवून, उलटा करायचा. मग दोन्ही एकमेकांवर सोडायचे. जसा आत गेला तसाच बाहेर आला असेल, तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतील आणि मागं काही उरणार नाही. जे उरेल ते अ‍ॅम्प्लिफायरनं बिघडवलेलं. ते उरलेलं दाखवायला त्यानं एका मोडक्या रेडिओतला हिरवा डोळा काढला, स्टेशन लावताना उघडझाप करतो तो. आवाज साफ असला की डोळा उघडा; फाटला की मिटलाच.

सांगायला सोपं, जुळवायला महाकठीण. डोळा खरं बोलतो की नाही, हे तपासायला चांगला कान हवा होता. तो पंचफुलाचा, त्याच्या बायकोचा. दुपारी घरची कामं उरकून ती नाल्यापलीकडे जाऊन उभी राहायची. दयाराम अंगणातून माइकमध्ये आकडे म्हणायचा, आवाज चढवत न्यायचा. फाटला की ती हात वर करायची. तिचा हात आणि डोळ्याची पापणी एकाच वेळी हलेपर्यंत त्यानं चार महिने स्क्रू फिरवला. गल्ली म्हणायची, दयारामला याड लागलं. लागलंच होतं, आणि ते याड असल्या गल्लीच्या शहाणपणापेक्षा लाख पटीनं चांगलं होतं.

जयंतीच्या आठवडाभर आधी हिरव्या डोळ्याचा डबा तयार झाला. आता आणखी दहा वर्षं खुर्ची सुटत नाही, या आनंदात त्यानं शालिग्रामला सगळं उलगडून दाखवलं. "कोणी पुसलं तं माह्या नावानं सांगजो. कानाचं नोको काढू."

"हाव, हाव," शालिग्राम म्हणाला.

जयंतीच्या संध्याकाळी मैदान भरून गेलं. भाषणं संपल्यावर माइकवाल्याला मंचावर बोलावून हार घालायचा, ही तिथली रीत. दयाराम अ‍ॅम्प्लिफायर सोडून कधीच उठत नसे, म्हणून हार दरवर्षी शालिग्रामच्याच गळ्यात पडायचा. यंदाही समितीच्या माणिकराव गुरुजींनी त्यालाच घातला. शालिग्राम माइकपुढं उभा राहिला आणि बराच वेळ बोलला. मधेच त्यानं दयारामकडे बोट केलं.

दयारामला शब्द कळले नाहीत. त्याची नजर डब्यावर होती. हिरवा डोळा टक्क उघडा होता, पापणी हलत नव्हती. एवढ्या गर्दीत, एवढ्या चढ्या आवाजात! त्याची छाती भरून आली. लोकांनी त्याच्याकडे बघत टाळ्या वाजवल्या, तेव्हा आपलं नाव झालं असं समजून तो लाजला, आणि मग त्यानंही मनापासून टाळ्या वाजवल्या.

बायकांतून वाट काढत पंचफुला आली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं त्याचे टाळ्या वाजवणारे हात धरले आणि डाव्या कानाशी तोंड नेलं.

"नोका वाजवू. तुमचे कान गेले म्हणून सांगतलं त्यानं साऱ्याइले. म्हणे, गरिबाले वाऱ्यावर कसं सोडावं, म्हणून हा डब्बा म्या बनवला. पुढच्या सालापासून खुर्चीवर तो सोता बसणार हाये."

दयाराम मंचाकडे बघत राहिला. शालिग्राम हार सावरत खाली उतरत होता. ज्याला एकट्याला घरातलं सांगितलं, त्यानंच ते गावभर ऐकवलं होतं, तेही दयारामच्याच भोंग्यांवरून. पंचफुलाकडे वळून त्यानं विचारलं ते एवढंच.

"आवाज फाटला होता का?"

पंचफुलाचे डोळे भरून आले.

"नाही," ती म्हणाली. "एकेक शब्द साफ आयकू आला."