डोळ्यांनी दिसला तरच नोंद

दर रविवारी सकाळी टेकडीवर पक्षी बघायला जाणारे आम्ही चौघे. आमच्या वहीत पक्षी हळूहळू वाढतात, किस्से मात्र भराभर! किश्श्यांना पुरावा लागत नाही ना.

वही गायकवाड काकांची. टपाल खात्यातून रिटायर झालेले, आम्हाला पक्षी त्यांनीच शिकवले. त्यांचा नियम एकच: डोळ्यांनी दिसला तरच नोंद, नुसता ऐकलेला धरायचा नाही.

हिंजवडीत नोकरी करणारी मेघना पहिल्याच दिवशी नुसत्या आवाजावर भारद्वाज लिहायला निघाली.

"काका, किती ऑब्व्हियस आवाज आहे!"

"मग दाखव."

तिने तासभर झुडपं धुंडाळली. भारद्वाज घुमत राहिला, वही कोरी राहिली.

*

सदाशिव पेठेतले देशमुख दातांचे डॉक्टर. त्यांनी एकदा फांदीवरचा शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, दाखवला. करडी पाठ, छातीवर पट्टे, सगळं बरोबर. मी लिहितोय तोच शिक्र्याने "पेरते व्हा, पेरते व्हा" सुरू केलं. पावशा होता!

"डॉक्टर," काका म्हणाले, "तोंड उघडायच्या आत निदान करू नये, हे तुम्हाला सांगायला हवं का?"

*

काका स्वतः कधी चुकत नसत. पण एका रविवारी त्यांनी वाळक्या पानाला इवलासा शिंजीर पक्षी म्हटलं. आम्ही कुणी हसलो नाही.

पुढच्या रविवारी त्यांनीच सांगून टाकलं. "डोळ्याचा पडदा खराब झालाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. आणि पक्षी नेमका मध्येच बसतो!"

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "काका, नियम बदलू या."

"का? पक्षी बदलले का?" मग हळूच म्हणाले, "यंदाचा नवरंग तेवढा दिसावा."

*

जूनमध्ये नवरंग आला. शीळ सगळ्यांत आधी काकांनीच ऐकली. आम्हाला गप्प केलं, बोट दाखवलं. बरोब्बर त्याच झुडपाखाली तो पानं उकरत होता, हिरवा, निळा, पोटाखाली लालभडक. आम्हा तिघांना अगदी स्पष्ट दिसला.

काका मान डावीकडे, उजवीकडे वळवून बघत राहिले. नवरंग उडून गेला, तरी बघत होते. शेवटी म्हणाले, "लिही. देशमुख, मेघना, तू."

"आणि तुम्ही?"

"मला दिसला का?"

मी तीन नावं लिहिली. मेघना म्हणाली, "माझं नाव खोडा. मीपण नुसता ऐकलाय. चष्मा घरी विसरलेय."

चष्मा तिच्या नाकावर होता.