पन्नासपासून सुरू होणारी पट्टी

दगडाबाईंच्या घराला एके काळी दोन पायऱ्या होत्या. त्या कुणी चोरल्या नाहीत, पडल्याही नाहीत. जागच्या जागीच आहेत. फक्त त्यांच्यावरून आता रस्ता जातो.

धारूरच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर वसलेल्या त्या गावात भीमनगरची गल्ली म्हणजे वरच्या आळीचं पाणी खाली जायची वाट. एकोणीस वर्षांत या गल्लीला तीन वेळा सिमेंटचा रस्ता मिळाला. दर वेळी जुना न उखडता त्याच्यावरच नवा. अंदाजपत्रकात लांबी असते, रुंदी असते, जाडी असते. उंची कुणी विचारत नाही. रस्ता वर येत गेला, घरं होती तिथंच राहिली. आता पाऊस झाला की पाणी दगडाबाईंच्या उंबऱ्यावरून थेट ज्वारीच्या कणगीपर्यंत येतं. म्हणून दारात वाळूचं पोतं आडवं टाकलेलं असतं. सून राजश्री त्याला 'आपलं धरण' म्हणते.

तरी रस्त्याबद्दल दगडाबाईंनी कधी वाकडा शब्द काढला नाही. रस्ता नव्हता त्या साली त्यांच्या मालकांना बाजेवर घालून चौघांनी चिखलातून जीपपर्यंत नेलं होतं, आणि तोवर उशीर झाला होता. पुढं राजश्रीच्या बाळंतपणाला मात्र रुग्णवाहिका अगदी दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून दगडाबाईंचं मत कायम आहे. "सरकारनं दिलं ते चांगलंच दिलं. आता जरा कमी द्यावं, एवढंच."

सरकारनं ऐकलं नाही. चौथा रस्ता मंजूर झाला.

पंधरा सेंटीमीटर जाडीचा. तो अंगावर घेतला असता तर पावसाळ्यात घराची विहीर झाली असती. घरातली जमीन उचलावी, तर पत्रे डोक्याला लागत होते. जुना रस्ता आधी खोदावा असा अर्ज दगडाबाईंनी दिला. तो घेऊन पंचायत समितीचे अभियंता साहेब गल्लीत आले, उंबरा पाहिला, रस्ता पाहिला, आणि म्हणाले, "आजी, रस्ता बरोबर आहे. तुमचं घर खचलंय."

दगडाबाईंनी घराकडं पाहिलं. घर खचल्यासारखं दिसत होतं, हे खरंच.

या वादाचा निकाल देणारी वस्तू साहेबांच्या पाठीशीच होती. दगडाबाई तीस वर्षं अंगणवाडीच्या मदतनीस होत्या आणि त्यातली बरीच वर्षं अंगणवाडी त्यांच्याच पुढच्या खोलीत भरायची. खोलीत अंधार, म्हणून मुलांची उंची मोजायची पट्टी बाहेर, गल्लीच्या बाजूला भिंतीवर रंगवलेली. खाली शून्य, वर दीडशे, दर दहाला आकडा आणि मध्ये रेघा. बिभीषण पेंटरनं ती रंगवल्यावर, बरोबर आली का हे बघायला दगडाबाईंनाच तिला टेकवून उभं केलं होतं. त्या भरल्या नेमक्या दीडशे. आता तीच पट्टी रस्त्यातून बाहेर येते ती एकदम पन्नासपासून.

पण हा पुरावा दाखवायचा तर एक जुनी गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती दगडाबाईंनी एकोणीस वर्षं स्वतःपाशी ठेवली होती.

ग्रामसभा शाळेत न होता पंचायतीच्या कार्यालयात झाली, कारण शाळेचा रस्ता खोदलेला होता. तो मात्र कुणी न मागता खोदला गेला होता. सरपंच धनश्रीताई तिशीतल्या आणि स्वतः बोलणाऱ्या. याची सवय गावाला अजून व्हायची होती. शेजारी त्यांचे सासरे आप्पाराव, माजी सरपंच. पहिला रस्ता त्यांच्याच काळातला.

"घर खचलं असेल तर पंचायतीचा इलाज चालत नाही," अभियंता साहेब म्हणाले. "रस्ता चढल्याचा पुरावा आणा."

"आणायचा न्हाई साहेब, टांगलेला हाय," दगडाबाई उभ्या राहिल्या. "तुमच्या डोक्यावर."

साहेबांनी मान वळवून वर पाहिलं. चौकटीतलं प्रमाणपत्र होतं. बालकांच्या उंचीवाढीत गावाच्या अंगणवाडीचा तालुक्यात पहिला क्रमांक. एका महिन्यातली सरासरी वाढ, पंधरा सेंटीमीटर.

"म्हंजी?" आप्पाराव म्हणाले.

"पहिला रस्ता त्याच महिन्यात झाल्ता, आप्पा. पोरं मी भितीला उभी करायची, आकडा सांगायची, शेविकाबाई लिवायच्या. पोरं होती तेवढीच होती. तुमी त्यास्नी रस्त्यावर उभं केलं, म्हणून ती एका महिन्यात वीतभर वाढली. झाडताना माझ्या ध्यानात आलं, पट्टीचं शून्य रस्त्याखाली गेलंय. पर तवर कागद वर गेल्ता. मंग गप ऱ्हायले. चूक माझीच हाय."

वजन न वाढता उंची वाढली, याअर्थी मुलं सडपातळ व सुदृढ झाली, असा शेरा त्या वेळी तालुक्याच्या साहेबांनी मारला होता. खिचडीची कृती मागवून घेतली होती.

मागून आवाज आला, "तरीच म्हणलं." भीमनगरचाच भारत, जेसीबी चालवणारा, दाराला टेकून उभा होता. "मावशी, चौथ्या वर्षी मी एकशे तेरा भरलो. आई अजून इचारती, पुढं कावून वाढला न्हाईस बे म्हणून."

सभा हसली. दगडाबाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड घेतलं. त्यांना वाटलं होतं लोक तोंडावर थुंकतील.

धनश्रीताई हसल्या नाहीत. त्यांनी प्रमाणपत्र खिळ्यावरून काढलं, तारीख वाचली, मग कपाटातून पहिल्या रस्त्याचा पूर्णत्वाचा दाखला काढून शेजारी ठेवला. महिना एकच. "साहेब, घर एका महिन्यात पंधरा सेंटीमीटर खचलं असतं, तर घरात माणसं राहिली असती का?"

साहेबांनी दोन्ही कागद पाहिले. दोन्हींवर शिक्के होते. शिक्क्यापुढं त्यांचं काही चालत नसे. "ठीक आहे. पण खोदकाम अंदाजपत्रकात नाही. कुठला तरी तुकडा कमी करावा लागेल."

तुकडा कमी करायचा म्हटल्यावर सगळ्यांना जमिनीत काहीतरी दिसू लागलं. शेवटी आप्पाराव खाकरले.

"वरच्या टोकाचा, आमच्या दारापुढचा कापा."

"मामंजी?" धनश्रीताई वळल्या.

"त्या कागदापायी तालुक्याला माझ्या अंगावर शाल घातली होती. लई ऊब दिली शालीनं. आता थोडा चिखल तुडवू." मग दगडाबाईंकडं न बघता म्हणाले, "बाई, चूक म्हणायची तर आपली दोघांची. तुमी मोजलं, आमी मिरवलं."

दगडाबाईंनी हात जोडले.

प्रमाणपत्र खिळ्यावर परत गेलं नाही, आणि फाडलंही गेलं नाही. ते आता रस्त्याच्या फायलीत आहे, जोडपत्र क्रमांक दोन म्हणून. गावाला ते प्रथमच उपयोगी पडलं.

पुढच्या आठवड्यात भारत मशीन घेऊन आला. एकावर एक तीन रस्ते निघाले, आणि प्रत्येक कागदाप्रमाणे पंधराच सेंटीमीटरचा निघाला. याचं सगळ्यात जास्त आश्चर्य अभियंता साहेबांना वाटलं. पट्टीवर चाळीस दिसले, तीस, वीस, दहा. दोन पायऱ्या वर आल्या, कडा जराशा झिजलेल्या. शेवटी भारतनं खाली उतरून हातानं माती झाडली, आणि पांढरं शून्य उघडं पडलं.

"जय भीम मावशी, आता खरी मोजा माझी." तो पट्टीला टेकून ताठ उभा राहिला. डोकं दीडशेच्या वर चार बोटं.

"आईला सांग, पोरगं बरोबर वाढलंय," दगडाबाई म्हणाल्या. "घाई माझीच झाल्ती."

"आत्याबाई, तुमी बी उभ्या ऱ्हावा की," राजश्री म्हणाली.

त्या उभ्या राहिल्या. राजश्रीनं डोक्यावर वही आडवी धरली आणि वाकून आकडा वाचला. एकशे शेहेचाळीस.

"चार कमी भरल्या."

"त्ये वयाचं हाय," दगडाबाई म्हणाल्या. "त्याचं खापर पंचायतीवर नको फोडू."

नवा रस्ता झाला. पट्टी आता पंधराच्या रेघेपासून सुरू होते. खालची पायरी जवळजवळ गेली, वरची शाबूत राहिली. महिन्याभरानं वरच्या आळीचं पाणी नेहमीसारखं धावत आलं, तेव्हा दगडाबाई त्या पायरीवर बसून होत्या. पाणी पायांच्या खालून गेलं. वर आप्पारावांच्या दारापुढचा चिखलही थोडा थोडा करून त्यात उतरत होता.

"राजश्री," त्यांनी हाक दिली. "धरणाचं पोतं सोड. वाळू आप्पांच्या दारात नेऊन टाक."