मेंढीचा मेंदू आणि कारापूरचं स्थळ

पणजीला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करताना मी विषय निवडला मेंढीच्या मेंदूचा. आमच्या हळर्णात मेंढी औषधालाही सापडायची नाही, पण हौसेला मोल नसतं. गोवा राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि बाबांना माझ्या लग्नाची घाई सुटली होती. मला पुढे पीएचडी करायची होती. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं, "सासरचे म्हणतील तसा."

अशात कारापूरचं स्थळ चालून आलं. मुलगा खाणीवर इंजिनिअर, वडिलांचं किराणा दुकान. बाबांनी बजावलं, "नुसती केमिस्ट्री म्हण. मेंढरां काढू नको."

पाहुणे आले, शिरा फिरला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय शिकतंस गो बाय?"

"केमिस्ट्री."

"म्हणजे कसली?" मुलाच्या आईने विचारलं. माझं तोंड कुठलं गप्प बसतंय!

सांगून टाकलं. मेंढ्यांना एक रोग होतो. ना ताप, ना जंतू. मेंदूतलं एक साधं प्रथिन आपली घडी बदलतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. एरवी पेशी जुनी प्रथिनं पचवून टाकते. ही वाकडी तिला पचत नाहीत. ती साचतात, पेशी मरतात, मेंदूला भोकं पडतात. मेंढी अंग घासत सुटते, मग झोकांड्या खाते. बाबा छताकडे बघत होते.

"म्हणजे विरजणासारखा," मुलाची आई म्हणाली. "दूध ताच, पण चमचाभर घातला की टोपभर बदालता."

मला ती बाई तिथेच आवडली. मुलाकडे मी अजून नीट बघितलंही नव्हतं.

एवढ्यात मुलाचे वडील माझ्याकडे वळले आणि प्रेमाने म्हणाले, "काय शिकतंस गो बाय?" सगळे हसले. मलाही थट्टाच वाटली. मुलाची आई तेवढी हसली नाही.

बशा उचलून मी स्वयंपाकघरात गेले, तर ती मागोमाग आली. हळूच म्हणाली, "हे परवा दुकानातून घराक येताना वाट चुकले. हेंच्या डोक्यात तसलाच कायतरी झाला काय गो?"

त्यांना काही झालेलं नाही, असं खोटं बोलून मोकळं व्हावंसं फार वाटलं. "नाय ओ, तो मेंढरांचो रोग. काकांका काय झाला, ता माका म्हायत नाय. डॉक्टराक दाखयलात?"

"दाखयला. तो म्हणता, वय झाला."

तिने पदराने डोळे पुसले. माझ्या हातातल्या बशा घेऊन मोरीत ठेवल्या.

"तुका म्हायत नाय ना? मगे शीक. आमच्याकडे येवनय शीक."